चौदा सेंटिमीटर

केयोनच्या धक्क्यावर जुलैत सकाळी सातला अंधारच असतो.
शिंपल्यांच्या कारखान्यात मात्र
ट्यूबलाइटचा पांढरा दिवस मावळत नाही कधी.
उसने रबरी बूट घालून
मी फॉर्म घेऊन उभी.

मान वीस अंशांहून जास्त वाकली, दोन गुण.
खांदा वर चढलेला असला तर आणखी एक.
मनगट दुमडतं का, पिळतं का, ते वेगळं.
इथे गुण जितके जास्त तितकी तब्येत वाईट.
मान मोडून काम केलं, असं कौतुकाने सांगणाऱ्यांसाठी
हा फॉर्म नाही.

ओतिलिया ग्वेन्तेओ. वय एकावन्न.
उंची एकशे सत्तेचाळीस.
टेबल नॉर्वेहून जुनं घेतलेलं, उंच माणसांच्या देशातलं,
तिच्या बरगड्यांना लागतं.
डाव्या हातात शिंपला, उजव्यात आखूड सुरी,
पातं आत, अर्धा वळसा,
मांस टबात, कवच खाली.
मिनिटाला अठ्ठावीस.
पुन्हा मोजले तर एकतीस निघाले,
कारण तिला कळलं होतं मी मोजतेय ते.

पहिल्या तासात असंच होतं.
कुणी बघायला आलं की
माणसं ठेवणीतली पाठ काढतात.
म्हणून मी कॅमेरा तिपाईवर सोडून
चहाला जाते आणि मुद्दाम उशीर करते.
पाठ कंटाळली की खरं बोलू लागते.

ओतिलियाचे खांदे कानांना टेकले होते.
सात गुण. म्हणजे: आजच्या आज बदला.
पण एक गोष्ट कुठल्याच रकान्यात बसेना.
दर चार-पाच मिनिटांनी तिचा उजवा पाय
पुढे सरकायचा, जमीन चाचपायचा,
अंधारात जिन्याची शेवटची पायरी शोधावी तसा,
आणि तसाच परत यायचा.

सुट्टीत विचारलं, पायाशी काय होतं?
तिने एरिबेर्तो ओयार्सोकडे बघितलं.
पाळीचा मुकादम एरिबेर्तो घड्याळाकडे बघू लागला.
खोकं, ती म्हणाली.
सामन माशांचं, प्लास्टिकचं, उपडं घातलेलं.
वर जुन्या जाळ्याचा तुकडा, सुतळीने बांधलेला,
पाय सटकू नये म्हणून.
अकरा वर्षं उभी आहे त्याच्यावर.
काल आवरलं त्यांनी.
तुम्ही येणार होता ना.

बॉयलरच्या मागून खोकं आलं.
ती चढली. सुरी हातात घेतली.
खांदे खाली आले,
बाजाराच्या जड पिशव्या उंबऱ्याशी ठेवाव्यात तसे.
चार गुण.
मी गुडघ्यावर बसून पट्टी लावली: चौदा सेंटिमीटर.

अहवालात लिहिलं,
शिफारस: पायाखाली फळी, उंची चौदा सेंटिमीटर.
कुणी शोधलं, हा रकाना नसतो.
समासात पेन्सिलने तिचं नाव घातलं होतं.
ऑफिसात टाइप होताना समास गळला.
मीही पुन्हा वाचून पाहिलं नाही,
हे इथे लिहून ठेवते.

ऑक्टोबरात फळ्या आल्या.
स्टीलच्या, जाळीदार, चकचकीत.
बावीस जणींना बावीस, सगळ्या चौदाच्या.
ओतिलियाच्या शेजारी यास्ना,
ताडमाड पोरगी, एकशे शहात्तर.
फळीवर उभी राहिली
आणि तिची मान गेली तीस अंशांवर.
माझ्याच सहीने.

डिसेंबरात पुन्हा गेले तेव्हा
यास्नाने फळी भिंतीकडे सारली होती.
तिच्यावर दोघींचे डबे, एक थर्मास,
आणि कुणाचा तरी ओला हातमोजा वाळत घातलेला.
जुनं खोकं ओतिलियाने घरी नेलं.
कोंबडी अंड्यांवर बसलीय त्यात, म्हणाली.

एरिबेर्तो धावत आला.
ही आवरायची राहिली, मॅडम, आत्ता हलवतो.

राहू दे, मी म्हटलं.
फॉर्म बंदच ठेवला,
आणि ओळीच्या या टोकापासून
बायकांचे पाय बघत चालू लागले.